पहिल्या सुरीचा जाब कोण देणार?

लखनौच्या चौक भागात क्वीन मेरी रुग्णालयाच्या दाराशी रुग्णवाहिका थांबते आणि आतून रक्ताने भिजलेली बाळंतीण उतरवली जाते, तेव्हा तिच्या मरणाची तयारी त्या रात्री झालेली नसते. ती तीन-चार-सहा वर्षांपूर्वी झालेली असते. हरदोई, सीतापूर, उन्नाव, बाराबंकी, लखीमपूर, यांपैकी कुठल्यातरी गावातल्या नर्सिंग होममध्ये पहिल्या बाळंतपणाला तिच्या पोटावर सुरी चालली. सुरीची गरज होती की नव्हती, हे आज कोणीही सांगू शकत नाही, कारण तशी नोंद कोणी मागत नाही आणि लाज कोणाला नाही. टाके सुकले, बिल चुकते झाले, पेढे वाटले गेले. व्रण मात्र गर्भाशयावर राहिला. आज त्याच व्रणात दुसऱ्या किंवा तिसऱ्या गर्भाची वार रुतून बसली आहे आणि ती सुटत नाही. बाई मरणाच्या दारात आहे, आणि ज्याने तो व्रण दिला तो आपल्या दवाखान्यात पुढच्या बाईचे पोट उघडतो आहे. त्याला कोणी काही विचारलेले नाही. आम्ही विचारतो.

या दुखण्याला डॉक्टर 'प्लासेंटा अक्रीटा' म्हणतात. बाळ जन्मले की काही मिनिटांत वार आपोआप सुटते, गर्भाशय आवळते, उघड्या रक्तवाहिन्यांची तोंडे मिटतात आणि बाई वाचते. निसर्गाने ही व्यवस्था गर्भाशयाच्या आतल्या मऊ अस्तरावर उभी केली आहे. सीझरच्या व्रणावर ते अस्तर नीट उगवत नाही. वाड्याच्या भिंतीला तडा गेला की पिंपळाचे मूळ त्यात शिरते आणि मग ते उपटू गेल्यास भिंतच खाली येते. तशी ही वार व्रणातून स्नायूत शिरते, कधी स्नायू भेदून पलीकडे मूत्राशयात जाऊन पोचते. दिवस भरलेल्या गर्भाशयातून दर मिनिटाला सहाशे-सातशे मिलिलिटर रक्त वाहत असते. बाईच्या अंगात असते सारे मिळून पाच-सहा लिटर. रुतलेली वार अजाण हाताने ओढली, तर ती बाई दहा मिनिटांत रिती होऊ शकते. ज्याला गणित येते त्याने हा भागाकार स्वतः करून पाहावा आणि मग सांगावे की नव्वद-शंभर किलोमीटरवरचे लखनौ तिच्यासाठी किती लांब आहे.

दुर्मीळ, म्हणून दुर्दैवी, असे म्हणून हात झटकण्याची सोय आता उरलेली नाही. १९३७ मध्ये बोस्टनच्या अर्व्हिंग आणि हर्टिग या दोघा डॉक्टरांनी या दुखण्याचे पहिले सविस्तर वर्णन केले, तेव्हा त्यांच्या रुग्णांत आधी सीझर झालेल्या बाया जवळजवळ नव्हत्याच. तेव्हा हे निसर्गाचे क्वचित होणारे चुकणे होते. अमेरिकेत १९७० च्या दशकात सुमारे चार हजार बाळंतपणांमागे एक असे याचे प्रमाण मोजले गेले. १९८२ ते २००२ या काळात ते ५३३ मागे एक झाले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २७२ मागे एक. चाळीस वर्षांत बायकांची शरीरे बदलली नाहीत, गर्भाशये बदलली नाहीत. बदलले ते सीझरचे प्रमाण. सुरी जितकी वाढली तितकी वार रुतू लागली. दुखणे अजूनही विरळच आहे, पण त्याचा कारखाना आपण स्वतः काढला आहे आणि तो तिन्ही पाळ्यांत चालू आहे.

आणखी एक हिशेब सर्वांनी पाठ करावा, विशेषतः त्या डॉक्टरांनी ज्यांना तो आधीच पाठ आहे. २००६ मध्ये अमेरिकेतल्या तीस हजारांच्या आसपास स्त्रियांच्या सीझरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या बाईची वार गर्भाशयाच्या तोंडाशी, खाली आहे, तिचे हे पहिलेच सीझर असेल तर वार रुतलेली निघण्याचे प्रमाण शेकडा ३. दुसरे सीझर असेल तर ११. तिसरे असेल तर ४०. चौथे असेल तर ६१. पाचवे असेल तर ६७. म्हणजे दोनदा पोट उघडलेली बाई तिसऱ्यांदा गरोदर राहिली आणि वार खाली निघाली, तर शंभरातल्या चाळीस जणींची गाठ या यमाशी आहे. उत्तर प्रदेशात तीन-चार बाळंतपणे होणारी बाई ही काही अपवाद नाही. जिच्या घरी पुढची मुले होणार हे स्वच्छ दिसते आहे, तिच्या पहिल्या बाळंतपणात विनाकारण सुरी घालणारा माणूस काय करतो आहे हे त्याला कळत नाही, असे आम्ही मानायला तयार नाही. तो शिकलेला आहे. त्याला हे आकडे परीक्षेत विचारलेले आहेत.

आता आपल्या देशाकडे पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ साली देशातली ८.५ टक्के बाळंतपणे सीझरने झाली होती. २०१५-१६ मध्ये १७.२. २०१९-२१ मध्ये २१.५. ही सरासरी. खाजगी रुग्णालयांतला आकडा आहे ४७.४ टक्के आणि सरकारी रुग्णालयांतला १४.३. उत्तर प्रदेशात तर हा भेद ओरडून बोलतो : खाजगीत ३९.४, सरकारीत ६.२. एकाच राज्यातल्या, एकाच मातीतल्या, एकच अन्न खाणाऱ्या बायका! उंबरठा बदलला की त्यांच्या ओटीपोटाची हाडे बदलतात काय? सरकारी दवाखान्यात जिला कळा येतात तिला खाजगीत गेल्यावर अचानक 'पाणी कमी झाले', 'बाळाच्या गळ्याला नाळ आहे', 'ठोके कमी होताहेत' कसे होते? आणि जिला सीझर खरोखर हवे आहे, जिचे बाळ आडवे आहे, जिला झटके येत आहेत, तिला तालुक्याच्या सरकारी केंद्रात भूलतज्ज्ञ मिळत नाही. एकीकडे सुरीचा सुकाळ, दुसरीकडे दुष्काळ, आणि दोन्हींकडे मरते ती बाईच. ६.२ हा आकडा ३९.४ इतकाच लाजिरवाणा आहे. ज्या राज्यात २०१८-२० या काळात लाख जिवंत जन्मांमागे १६७ माता मेल्या, त्या राज्याच्या आरोग्य खात्याने हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडून एकदा तरी झोप उडवून घेतली असती तर बरे झाले असते. केरळात त्याच काळात तो आकडा १९ होता.

महाराष्ट्राने यावर मिशा पिळू नयेत. त्याच काळात आमचा मातामृत्यूचा आकडा ३३ होता, हे खरे. पण सीझरचे प्रमाण २५.४ टक्क्यांवर गेले आहे आणि आमच्या शहरांत मुहूर्त पाहून पोटे उघडली जात आहेत. हो, मुहूर्त! ज्योतिषी तास आणि मिनिट लिहून देतो, सासू ते चिठ्ठीवर डॉक्टरकडे पाठवते आणि डॉक्टर थिएटरची वेळ त्याप्रमाणे लावतो. ज्ञानाची इतकी वर्षांची साधना शेवटी पंचांगाच्या पायाशी! बाळाच्या कुंडलीत गुरू कुठे पडावा म्हणून आईच्या गर्भाशयावर कायमचा व्रण पाडणाऱ्या त्या तिघांना, ज्योतिषाला, कुटुंबाला आणि डॉक्टरला, आम्ही एकाच रांगेत उभे करतो. त्यातही डॉक्टर पुढे, कारण उरलेल्या दोघांना अज्ञानाची सबब तरी आहे.

बीडमध्ये ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशयांचे काय झाले हे आपण २०१९ मध्ये ऐकले. मुकादमाचा खाडा चुकवायला आणि दवाखान्याची खाट भरायला तेरा हजारांहून अधिक गर्भाशये निघाली होती. विधिमंडळात आवाज उठला, समिती नेमली गेली, अहवाल आला. ज्या व्यवस्थेने पाळीच्या तक्रारीवर गर्भाशय काढून दिले, तीच व्यवस्था कळांच्या तक्रारीवर सीझर करून देते. धंदा एकच आहे. पुण्यात २०२५ च्या वसंतात जुळ्यांची आई होऊ घातलेल्या बाईकडे एका नामांकित धर्मादाय रुग्णालयात दहा लाखांची अनामत मागितली गेली; बाळे दुसरीकडे जन्मली आणि बाई गेली. शहर रस्त्यावर आले. तो संताप खरा होता, पण तो अनामतीवर थांबला. गरोदर बाई ही खाटेची कमाई आहे, या विचाराच्या मुळाशी तो गेला नाही.

लखनौ दूर आहे, असे ज्या मराठी वाचकाला वाटत असेल त्याने आपली माणसे मोजावीत. विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईवाली कुटुंबे सोने-चांदी गाळायला देशभरच्या सराफ बाजारांत गेली आहेत, चौकच्या सराफ्यातही ती पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आपली पद्धत अशी, की पहिले बाळंतपण माहेरी. लेक सांगली जिल्ह्यात येते, तिथल्या दवाखान्यात तिचे सीझर होते, सव्वा महिन्याने ती बाळ घेऊन लखनौला जाते. डिस्चार्ज कार्ड माहेरच्या कपाटात राहते. दुसऱ्या खेपेला ती चौकातल्या डॉक्टरसमोर बसते तेव्हा तिच्या पोटावरचा आडवा टाका दिसतो. पण गर्भाशय उभे कापले की आडवे, सीझर कळा येऊन थांबल्यावर केले की कळांआधीच, वार तेव्हा हाताने काढावी लागली होती का, यातले काहीही त्या डॉक्टरला कळत नाही. व्रण महाराष्ट्राने दिला, वार उत्तर प्रदेशात रुतली. कोणत्या राज्याचे आरोग्यमंत्री याचा जाब देणार? ज्या देशात पैसे पाठवायला फोनवर एक बोट पुरते, त्या देशात एका सीझरचा कागद सांगलीहून लखनौपर्यंत पोचत नाही. तो पोचवायची कोणाला निकड वाटलेली नाही, कारण त्या कागदावर कोणाचे पैसे अडलेले नाहीत.

आणि कागद नाहीत असेही नाही! गर्भलिंगनिदानाच्या कायद्याखाली प्रत्येक गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीला 'एफ' फॉर्म भरावा लागतो. मुलींच्या हत्येने पेटून उठून या देशाने १९९४ मध्ये तो कायदा केला, आणि योग्यच केला. त्या फॉर्ममध्ये सोनोग्राफी कशासाठी केली याची कारणे छापलेली आहेत. त्यात वारेची जागा, जाडी आणि ती वावग्या रीतीने चिकटली आहे का हे पाहणे, हे एक कारण आहे. आधीच्या सीझरचा व्रण तपासणे, हे दुसरे. म्हणजे सरकारला माहीत आहे! कायद्याच्या कागदावर हे शब्द वर्षानुवर्षे छापलेले आहेत! दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत त्या फॉर्मांचा अहवाल जिल्ह्याच्या अधिकाऱ्याकडे जातो. तिथे त्यांचे गठ्ठे पडतात. एक रकाना कोरा राहिला म्हणून डॉक्टरचे मशीन सील करणारे हे खाते, सीझर झालेल्या किती बायांची वार खाली आहे हा एक प्रश्न त्याच गठ्ठ्यांना विचारत नाही. विचारला असता, तर विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीनंतर जिल्ह्यातल्या धोक्याच्या बायांची नावे हातात आली असती. त्यांना सातव्या महिन्यात लखनौला, पुण्याला, नागपूरला पाठवता आले असते. आठव्या महिन्याच्या मध्यरात्री, रक्ताच्या थारोळ्यात नव्हे.

कारण हे दुखणे आधी कळते. हाच आमचा मोठा मुद्दा आहे आणि यासाठीच आमचा संताप आहे. झटके कधी अचानक येतात, गर्भजल रक्तात शिरून कधी क्षणात घात होतो; तिथे डॉक्टरही हतबल असतो. पण रुतलेली वार महिनोन्‌महिने तिथे बसलेली असते. जाणत्या हातात साधे सोनोग्राफीचे यंत्र असले तरी ती बऱ्याचदा दिसते : वारेत पोकळ्या दिसतात, वार आणि स्नायू यांच्यामधली काळी रेषा नाहीशी झालेली असते, मूत्राशयाच्या भिंतीशी वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या असतात. कळली की उपायही ठरलेला आहे. ३४ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान, दिवसाउजेडी, ठरवून शस्त्रक्रिया करायची. वार टाळून गर्भाशय उघडायचे, बाळ काढायचे, वारेला हातही लावायचा नाही, आणि बहुतेक वेळा वारेसकट गर्भाशय काढून टाकायचे. टेबलापाशी अनुभवी स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, मूत्राशय सांभाळायला युरोसर्जन, बाळासाठी नवजात अतिदक्षता, आणि या सर्वांच्या आधी, हाताशी, थिएटरच्या दारात आलेले रक्त. एवढे असले की बाई वाचते. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांकडून गोळा केलेल्या, वार गर्भाशय भेदून गेलेल्या १०९ जणींमध्ये आठ मेल्या होत्या, तेही तिथल्या सोयींत. इथे, न कळता, रस्त्यात काय होत असेल?

क्वीन मेरीबद्दल बोलायचे तर ताठ मानेने बोलले पाहिजे. मच्छी भवनाच्या जागेवर १९०५ मध्ये पायाभरणी होऊन १९११ मध्ये सुरू झालेले ते किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालय, आजचे विद्यापीठ. त्याच्याच अंगणात १९३२ पासून हे स्त्रियांचे रुग्णालय उभे आहे. सारा अवध आपल्या मोडलेल्या बाया तिथे आणून टाकतो. दुसऱ्यांनी बिघडवलेले, दुसऱ्यांनी लपवलेले, दुसऱ्यांनी पैसे संपल्यावर बाहेर काढलेले बाळंतपण तिथल्या निवासी डॉक्टर मुली रात्रभर उभ्या राहून निस्तरतात. आणि मृत्यू झाला की तो त्यांच्या खात्यात लिहिला जातो! ज्या नर्सिंग होमने वार ओढली आणि रक्त थांबेना म्हणून 'हायर सेंटर' अशी दोन शब्दांची चिठ्ठी देऊन बाई गाडीत घातली, त्याच्या खात्यात शून्य. त्याची पाटी स्वच्छ. हा हिशेबच खोटा आहे. जो मृत्यू चौकात होतो त्याची नोंद तो जिथे पेरला गेला तिथे झाली पाहिजे. आणि वाटेत उभे असलेले ते दलाल! सरकारी दारातून गरिबाला वळवून कमिशनवर खाजगीत नेणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या लखनौच्या वृत्तपत्रांत इतक्यांदा छापून आल्या आहेत की पोलिसांना त्या टोळ्या ठाऊक नाहीत असे म्हणणे हा वाचकाच्या बुद्धीचा अपमान आहे.

रक्ताचे बोलू. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने देशातल्या प्रत्येक गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात मोफत बाळंतपण, मोफत सीझर, मोफत औषध, मोफत तपासणी, मोफत रक्त आणि मोफत वाहन यांचे वचन दिलेले आहे. ती भीक नाही, शासनाने स्वतः दिलेले लेखी वचन आहे. मग बाई टेबलावर असताना नवऱ्याच्या हातात 'रक्त आणा'ची चिठ्ठी कशी पडते? बाराबंकीचा शेतमजूर चौकात कोणाला ओळखतो? तो कोणाच्या दंडातून रक्त आणणार? 'फर्स्ट रेफरल युनिट' असा फलक ज्या केंद्रावर लागतो तिथे चोवीस तास सीझर आणि रक्तसाठा असलाच पाहिजे, हे सरकारचेच प्रमाण. फलक लावला, उद्‌घाटन झाले, छायाचित्र छापले. रक्ताची शीतपेटी रिकामी. देशातल्या निम्म्याहून अधिक, ५२.२ टक्के गर्भवती आधीच रक्तक्षयी आहेत. त्यांच्या अंगात सांडायला रक्तच कमी आहे. अशा बाईला रक्त नसलेल्या केंद्रात बाळंत करणे आणि रक्त नसलेल्या गाडीतून लखनौला पाठवणे, याला उपचार म्हणायला आमची लेखणी नकार देते.

दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट सांगितले, की बाळंतपणातून जिवंत बाहेर येणे हा बाईच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. सर्वोच्च न्यायालयाने त्याआधी १९९६ मध्येच सांगून ठेवले होते, की संकटात उपचार नाकारणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमाचा भंग आहे. न्यायालये बोलली. शासनाने कान झाकले.

आता डॉक्टरमंडळींचा बचाव ऐकू, कारण ऐकल्याशिवाय झोडपणे आम्हांला मान्य नाही. ते म्हणतात, बाळाला काही झाले तर नातेवाईक दवाखाना फोडतात, कोर्टात खेचतात. म्हणून आम्ही सुरी उचलतो. दवाखाने फोडणारे गुंड आहेत, त्यांना तुरुंगात घातले पाहिजे, यात दुमत नाही. पण भीतीने केलेली शस्त्रक्रिया ही डॉक्टरच्या रक्षणासाठी केलेली असते आणि तिची किंमत बाई भरते. तुमची ढाल म्हणून तिचे गर्भाशय वापरू नका. ते म्हणतात, बायाच सीझर मागतात. मागतात, का मागतात ते विचारा! आपल्या प्रसूतिकक्षांत कळा देणाऱ्या बाईला शिव्या दिल्या जातात, मांडीवर चापट मारली जाते, 'तेव्हा बरी मजा आली' असे तिच्या तोंडावर बोलले जाते. सोबत आई नाही, बहीण नाही, आडोसा नाही, वेदना कमी करणारे इंजेक्शन नाही. एका खाटेवर दोघी. अशा खोलीतून सुटण्यासाठी एखादी पोर म्हणते, मला कापा पण इथून काढा. ही तिची निवड नाही, हा आपण तिला दिलेला धाक आहे. कळांमध्ये बाईच्या कमरेशी बसून तासन्‌तास धीर देणाऱ्या शिकलेल्या सुइणी, मिडवाइफ, तयार करायचे सरकारने २०१८ मध्ये ठरवले. त्या गावोगाव दिसायला हव्या होत्या. कुठे आहेत त्या?

आणखी एक बचाव : एकदा सीझर झाले की पुढे सीझरच करावे लागते. हे वाक्य १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रेगिन नावाच्या डॉक्टरने प्रचलित केले, आणि त्याचा उद्देश नेमका उलटा होता. पहिले सीझर सहजासहजी करू नका, कारण त्याचे परिणाम बाईला पुढच्या प्रत्येक बाळंतपणात भोगावे लागतील, असा तो सहकाऱ्यांना दिलेला इशारा होता. त्या इशाऱ्याचा यांनी परवाना केला! योग्य निवड आणि देखरेख असेल तर सीझरनंतर नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करणाऱ्यांपैकी साठ ते ऐंशी टक्के बाया सुखरूप बाळंत होतात, हे जगभर सिद्ध झालेले आहे. आपल्याकडे किती दवाखाने तो प्रयत्न करू देतात? त्यासाठी रात्रभर बाईजवळ थांबावे लागते. सुरीला पाऊण तास लागतो.

२०१७ मध्ये मुंबईच्या एका महिलेने साधी मागणी केली : प्रत्येक रुग्णालयाने आपले सीझरचे प्रमाण जाहीर करावे. लाखोंच्या सह्या झाल्या, केंद्रीय मंत्री मनेका गांधींनी पाठिंबा दिला, केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेतल्या रुग्णालयांना फलक लावण्याच्या सूचनाही निघाल्या. पुढे? आपल्या गावातल्या प्रसूतिगृहाच्या भिंतीवर तो आकडा आजवर कोणी वाचला आहे? महाराष्ट्रात नर्सिंग होमच्या २०२१ च्या नियमांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. खोलीचे भाडे भिंतीवर आले, सुरीचा आकडा आला नाही. कोणाच्या दबावाने थांबला तो? ज्यांना तो आकडा दाखवायची भीती वाटते त्यांनीच तो थांबवला, असे आम्ही उघड म्हणतो.

आणि आकडा फसवा असतो, आमच्याकडे कठीण रुग्ण येतात, ही ओरडही चालणार नाही. रॉबसन नावाच्या डॉक्टरने २००१ मध्ये गर्भवतींचे दहा गट पाडून दिले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ पासून तीच पद्धत वापरायला सांगितली आहे. पहिलटकरीण, दिवस भरलेले, डोके खाली, कळा आपोआप आलेल्या, अशा सरळ गटातल्या किती बायांना तुम्ही कापले, एवढेच सांगा. कठीण रुग्णांचा डोंगर त्यात येतच नाही. क्वीन मेरीसारखी शेवटची आश्रयस्थाने या मोजणीत बदनाम होणार नाहीत. उघडे पडतील ते पहिल्या सुरीचे दुकानदार.

म्हणून लखनौच्या आणि मुंबईच्या दोन्ही सरकारांना आमचे सांगणे आहे. प्रत्येक प्रसूतिगृहाने पहिल्या सीझरचे प्रमाण रॉबसन गटांप्रमाणे दर तिमाहीला भिंतीवर आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर लावावे. जो लावणार नाही त्याची नोंदणी थांबवावी. सीझर झालेल्या प्रत्येक बाईच्या हाती कारण, काप आणि वारेची स्थिती लिहिलेला कागद तिच्या भाषेत द्यावा, आणि त्याची प्रत तिच्या आरोग्य खात्यात कायमची ठेवावी, मग ती आटपाडीत असो की चौकात. गरोदरपणातल्या प्रत्येक मातामृत्यूच्या चौकशीत आधीच्या सीझरच्या दवाखान्याला बोलावून उत्तर मागावे. रक्तसाठा नसलेल्या केंद्रावरून रेफरल युनिटचा फलक उतरवावा किंवा तिथे रक्त ठेवावे. तिसरा पर्याय देऊ नये.

आणखी एका कामासाठी तर नवा कायदा लागत नाही, नवा पैसा लागत नाही, समितीही लागत नाही. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली २०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेला देशभर गरोदर बायांची तपासणी होते. रांगेत उभ्या राहणाऱ्या प्रत्येक बाईला त्या दिवशी एक प्रश्न विचारावा : आधी सीझर झाले आहे का? झाले असेल, तर तिची वार कुठे आहे हे पाहिल्याशिवाय तिला घरी पाठवू नये. वार व्रणावर असेल, तर तिचे नाव, फोन आणि दिवस भरण्याची तारीख त्याच संध्याकाळी क्वीन मेरीला, पुण्याच्या ससून रुग्णालयाला, नागपूरच्या मेडिकल कॉलेजला कळवावी, आणि तिच्यासाठी खाट व रक्त राखून ठेवावे. येत्या नऊ तारखेपासून सुरू करा.